बाळाची लांबलेली कावीळ, फिकट शी आणि बिलिअरी अ‍ॅट्रेशिया – अनुभव आणि माहिती

मोगरा_अंगणातला

कधीपासून हे लिहायचं होतं, पण परत ते सगळं उकरायचं म्हणून टाळत होते. परवा नात्यात एका बारशाला गेले (उशिराच केलं त्यांनी), बाळ महिन्याच्या वरचं, डोळे अजून पिवळे, आणि घरात सगळे निवांत, जाईल हो, कोवळ्या उन्हात धरतोय की रोज. मी बाळाच्या आईला बाजूला घेऊन विचारलं शीचा रंग कसा असतो गं, तर म्हणे फिकटच असते पण नुसत्या दुधावर आहे ना म्हणून. तिला सांगितलं उद्याच्या उद्या रक्त तपासून घे, आणि घरी येऊन आधी हा धागा उघडला.

माझ्या मुलीला बिलिअरी अ‍ॅट्रेशिया होता. आहे म्हणायला हवं खरं तर. आता ती तिसरीत आहे, दंगेखोर आहे, स्वतःच्याच लिव्हरवर आहे (बदलावं लागलेलं नाही). दोन महिने भरायच्या आत तिचं ऑपरेशन झालं म्हणून हे मी इतक्या निवांतपणे लिहू शकतेय.

आजार असा की लिव्हरमध्ये पित्त तयार होतं ते आतड्यात उतरायला ज्या नळ्या असतात त्या जन्माच्या आसपास सुजतात आणि हळूहळू बुजून जातात. पित्त आत तुंबतं, लिव्हर खराब व्हायला लागतं, काही महिन्यांत सिरॉसिस, म्हणजे लिव्हर कडक होऊन निकामी होत जाणं. दारू पिणाऱ्यांना होतो तोच, फक्त पाच-सहा महिन्यांच्या बाळाला. नेमकं कशामुळे होतं ते अजून कुणालाच पक्कं माहीत नाही, व्हायरसवर संशय आहे, प्रतिकारशक्तीच्या गडबडीवर आहे, पण आईने गरोदरपणात अमुक खाल्लं म्हणून झालं असं काहीही नाही हे मी ठळक अक्षरात लिहितेय कारण मला पपईपासून ग्रहणापर्यंत सगळं ऐकवून झालंय. दहा ते वीस हजार बाळांत एखाद्याला होतो. म्हणजे दुर्मीळ, पण आपल्याकडे जन्म किती होतात ते बघा म्हणजे कळेल की इतकाही दुर्मीळ नाही.

फसवतो तो यासाठी की बाळ जन्मतः धडधाकट असतं. वजन चांगलं, दूध पितं, हसतं. नवजात बाळांपैकी निम्म्याहून जास्त बाळांना पहिल्या आठवड्यात कावीळ होतेच त्यामुळे कुणालाच वेगळं वाटत नाही. साधी कावीळ दोन आठवड्यांत उतरते. ही उतरत नाही. किंवा उतरल्यासारखी वाटते आणि रेंगाळते.

बघायचं काय तर दोनच गोष्टी. शी फिकट, मातकट, करडी किंवा पांढरट. आणि शू गडद पिवळी, दुपट्याला डाग पडेल अशी. तान्ह्या बाळाची शू जवळपास पाण्यासारखी असायला हवी. आणि कावीळ चौदा दिवसांच्या पुढे गेली तर रक्तातलं बिलिरुबिन (काविळीचा पिवळा रंग) नुसतं टोटल नाही, डायरेक्ट किती आणि इनडायरेक्ट किती असं वेगळं मागायचं. साधी तपासणी आहे, तालुक्याच्या लॅबमध्ये पण होते.

बाकी हॉस्पिटलचं प्रतिसादात लिहिते, मुलगी उठली.

काजूकतली

बापरे. नावही ऐकलं नव्हतं. वाचतेय, पुढचं लिही सवडीने.

शेंगदाणा

वाचनखूण साठवली. घरात पुढच्या महिन्यात बाळ येणार आहे.

अण्णा_कोल्हापूर

लेख चांगला हाय पण उगच लोकास्नी घाबरवू नका म्हणतो मी. आमच्या घरात सगळी पोरं पिवळी झाली आणि सगळी अंगणात उन्हात धरून बरी झाली. आमची आई तर दुपटं पण न घालता धरायची सकाळी. आता जरा काय झालं की रक्त काढा, सोनोग्राफी करा, लहान जीवाला कशाला टोचायचं.

डॉ_खडीसाखर

अण्णा, तुमची पोरं बरी झाली कारण त्यांची ती साधी कावीळ होती, ती उन्हाशिवाय पण गेली असती :)

थोडं समजावून लिहितो, मी बालरोगवाला आहे. काविळीचा पिवळा रंग म्हणजे बिलिरुबिन. लिव्हरपर्यंत पोचायच्या आधीचं ते इनडायरेक्ट, लिव्हरने प्रक्रिया करून पित्तात सोडायला तयार केलेलं ते डायरेक्ट. नवजात बाळाचं लिव्हर कच्चं असतं म्हणून इनडायरेक्ट साठतं, त्याच्यावर निळ्या लाईटचा उपयोग होतो, ज्याला आपण पेटीत ठेवणं म्हणतो. उन्हात त्या प्रकाशाचा थोडा अंश असतो पण तो पुरेसा आणि भरवशाचा नाही, आणि उघडं बाळ उन्हात धरलं की गार पडणं किंवा चटका बसणं हे वेगळंच. आता डायरेक्ट वाढलेलं असेल तर ऊनही नाही आणि पेटीही नाही, कशाचाच उपयोग नाही, कारण अडचण पुढे आहे, निचऱ्यात. उलट डायरेक्ट जास्त असलेल्या बाळाला लाईटखाली ठेवलं तर कातडी तपकिरी दिसायला लागते.

डायरेक्ट रिपोर्टात १ मिलिग्रॅम (दर डेसिलिटरला) च्या वर म्हणजे ते बाळ घरी पाठवायचं नाही, कारण शोधायचं. एवढं सोपं आहे. दर वेळी बिलिअरी अ‍ॅट्रेशियाच निघेल असं नाही. जंतुसंसर्ग असतो, थायरॉईड असतं, गॅलॅक्टोसेमिया असतो, पित्तनलिकेची गाठ असते, इतर जनुकीय प्रकार असतात. पण अ‍ॅट्रेशियाला घड्याळ लावलेलं आहे, त्यामुळे तो आधी हो का नाही करायचा.

अंगावरच्या दुधाने पण कावीळ लांबते, महिना दोन महिने सुद्धा. त्यात मात्र शी पिवळीधमक असते, शू पाण्यासारखी असते आणि डायरेक्ट नॉर्मल येतं. दूध अजिबात बंद करायचं नाही.

नवी_आई_२४

डॉक्टर प्लीज सांगा माझा मुलगा २४ दिवसांचा आहे, कावीळ अजून आहे डोळ्यात आणि तोंडावर, शी पिवळीच आहे पण कधी कधी हिरवट असते, वजन वाढतंय. हा धागा वाचून मला रात्री झोप नाही. आमचे डॉक्टर म्हणाले वाट बघू.

डॉ_खडीसाखर

पिवळी आणि हिरवट दोन्ही चांगलं, म्हणजे पित्त उतरतंय. तरी २४ दिवस झालेत तर टोटल आणि डायरेक्ट करून घ्याच, डॉक्टरांना तसं सांगा, कुणी नाही म्हणणार नाही. इथून निदान होत नाही. आणि शी दिवसाच्या उजेडात बघा, ट्यूबच्या किंवा पिवळ्या बल्बच्या उजेडात नाही.

मोगरा_अंगणातला

नवी_आई, घाबरू नकोस, कर आणि इथे कळव.

अण्णा, तुमचा राग नाही, माझ्या सासूबाई पण हेच म्हणत होत्या आणि त्यांनीच पुढे सगळ्यात जास्त केलं.

आता हॉस्पिटलचं. आमच्या गावच्या डॉक्टरांनी (त्यांचे उपकार आहेत) डायरेक्ट बघून त्याच दिवशी चिठ्ठी दिली आणि आम्ही मुंबईला मुलांच्या सर्जनच्या ओपीडीत. तिथली रेसिडेंट मुलगी, माझ्यापेक्षा लहान असेल, तिने आधी फाईल नाही बघितली, म्हणाली डायपर आहे का आत्ताचा. होता, पिशवीत. ती तो घेऊन खिडकीशी गेली, लाकडी पट्टीने शी मधोमध मोडली आणि आतला भाग उजेडाला धरून बघितला. म्हणाली वरून पिवळी दिसते ती शूमुळे, आतून बघा. आतून भिजवलेल्या मैद्यासारखी होती. तेव्हापासून मी कुणालाही सांगते की आतून बघा. आणि मोबाईलच्या फोटोवर विसंबू नका, फोन स्वतःच रंग सुधारून देतो.

मग सोनोग्राफी. त्याला बाळ चार तास उपाशी लागतं, कारण उपाशीपोटी पित्ताशय भरतं, ते दिसतंय का, केवढं दिसतंय, मग दूध पाजून परत बघतात आकसतं का. चार तास तान्हं बाळ उपाशी ठेवणं काय असतं ते ज्याने केलंय त्यालाच माहीत. मी दुसऱ्या मजल्यावर जाऊन उभी राहिले कारण माझा वास आला की ती जास्त रडायची. पित्ताशय सुरकुतलेलं, जवळपास नाहीच.

काही ठिकाणी हायडा स्कॅन (पित्त आतड्यात उतरतंय का ते बघायचा) सांगतात, त्याच्या आधी पाच दिवस फेनोबार्बचं औषध द्यावं लागतं. आमच्या सरांनी तो केला नाही, म्हणाले पाच दिवस घालवायचे नाहीत, लिव्हरची बायोप्सी (बारीक तुकडा काढून तपासणं) करू. त्याआधी रक्त गोठण्याची तपासणी, ती लांबलेली निघाली, मग व्हिटॅमिन केची इंजेक्शनं. पित्त नाही तर चरबी पचत नाही, चरबी नाही तर ए, डी, ई आणि के ही जीवनसत्त्वं अंगी लागत नाहीत. के नसेल तर रक्त गोठत नाही. वॉर्डात एक बाळ होतं, त्याचा आजार कळला तोच मेंदूत रक्तस्राव होऊन. त्याआधी दीड महिना सगळे कावीळ उतरायची वाट बघत होते.

चिंतू

वाचून अंगावर काटा आला. ऑपरेशनमध्ये नेमकं करतात काय? नळ्याच नाहीत तर जोडणार कशाला?

मोगरा_अंगणातला

हाच प्रश्न माझ्या नवऱ्याने विचारला. सरांनी केसपेपरच्या मागे चित्र काढून दाखवलं होतं. पोट उघडल्यावर आधी पित्ताशयात रंग सोडून टेबलावरच एक्सरे काढतात. रंग आतड्यात उतरला तर नळ्या उघड्या आहेत, पोट बंद करून बाहेर. नाही उतरला तर बुजलेल्या नळ्यांचा चोथा पार लिव्हरच्या दाराशी जाऊन कापून काढतात. तिथे डोळ्याला न दिसणारी बारीक छिद्रं काही वेळा शिल्लक असतात. लहान आतडं एका जागी कापून त्याचं टोक वर आणतात आणि थेट तिथे लिव्हरला शिवतात. पित्त झिरपलं तर आतड्यात. नाही झिरपलं तर नाही. सर म्हणाले मी वाट करून देणार, पाणी वाहील का ते लिव्हरवर आहे. चार-पाच तास चाललं.

नंतर नाकातून नळी, पोटात ड्रेन, हाताला सलाईन, तोंडाने काही नाही. आतडी हलायला लागेपर्यंत दूध बंद. एका पेशंटमागे एकच पास, त्यामुळे रात्री मी आत आणि नवरा जिन्यात. आणि सगळा वॉर्ड वाट कसली बघतो तर शीची. डॉक्टर राऊंडला आले की पहिला प्रश्न रंग कुठला. पहिली आली ती पांढरीच. दुसरी करडी. नंतर एका पहाटे डायपर उघडला आणि हिरवट कड दिसली, मी सिस्टरला हाक मारली, सिस्टरने शेजारच्या कॉटवाल्या मावशींना, त्यांनी आणखी दोघींना, पाच बायका एका डायपरभोवती उभ्या राहून बघतायत. जळगावच्या एका आजींनी तर चक्क नजर काढली डायपरची.

बर्मिंगहॅमकर

मी इकडे इंग्लंडात असतो, माझा पुतण्या याच आजारातून गेलाय म्हणून लिहितोय. इथे बाळ दोन आठवड्यांचं झालं आणि पिवळं असेल तर स्प्लिट बिलिरुबिन (डायरेक्ट-इनडायरेक्ट वेगळं) करायचा नियम आहे, घरी येणारी मिडवाईफ किंवा हेल्थ व्हिजिटर स्वतःहून शी-शूचा रंग विचारते. आम्हाला तर पहिल्यांदा हसू आलं होतं तिच्या प्रश्नांचं. दुसरं म्हणजे १९९९ पासून अख्ख्या इंग्लंडमध्ये हे ऑपरेशन फक्त तीन ठिकाणी होतं, लंडन, बर्मिंगहॅम आणि लीड्स. आधी कुठेही व्हायचं, वर्षाला एखादं करणाऱ्या सर्जनकडे पण, आणि रिझल्ट वाईट यायचे. तीन ठिकाणी गोळा केल्यावर सुधारले. त्यामुळे भारतात कुणी विचारलं तर मी हेच सांगतो की जवळचं हॉस्पिटल बघू नका, हे नेहमी करणारं बघा.

तैवानने सगळ्यात भारी केलंय. त्यांनी शीच्या रंगांचं कार्ड बाळाच्या आरोग्य-पुस्तिकेतच छापलं, २००४ पासून देशभर. आईने बाळाची शी कार्डाशी ताडून बघायची, वाईट रंगाशी जुळली की फोन करायचा. त्याने वेळेत ऑपरेशन होणाऱ्या बाळांचं प्रमाण वाढलं. खर्च किती, तर एका पानाचा.

डॉ_खडीसाखर

+१, कार्डाबद्दल. वेळेचं गणित असं की ६० दिवसांच्या आत झालं तर पित्त वाहायची शक्यता चांगली, जितकं लवकर तितकं बरं. ९० च्या पुढे शक्यता घसरत जाते, शून्य होत नाही पण लिव्हर आधीच कडक झालेलं असतं. आणि आपल्याकडे बरीच बाळं सर्जनच्या समोर येतात तीच तीन महिन्यांची होऊन. मधले दिवस कुठे जातात? थोडे घरी, थोडे आमच्या धंद्यातल्या लोकांकडे. 'वाट बघू' म्हणणारे डॉक्टर पण आहेत, नुसतं टोटल बिलिरुबिन बघून कमी होतंय म्हणून घरी पाठवणारे पण आहेत. हे मान्यच करायला हवं.

वऱ्हाडी_पोट्टं

माही बहीण आशा (गावची आरोग्यसेविका) हाय मेळघाटाकडच्या एका गावात. बाळंतपण दवाखान्यात झालं की ती ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी घरी जाते, वजन घेते, ताप पाहते, नाळ पाहते. म्या तिले हा धागा वाचून दाखवला तं ती म्हणे अरे शीचा रंग तं आमी पाहतच नाही, जुलाब हाय का एवढंच इचारतो. म्हणजे पहा ना, चौदाव्या दिवशी माणूस घरात जाऊन बसते, लंगोट समोर असते, नुसतं पाहाचं हाय. आन ४२ व्या दिवशी पण. दीड महिन्याची लस पण तेव्हाच असते.

आमच्याकडं तं दुसराच कहर. पोट फुगलं की तापलेल्या विळ्यानं पोटावर चटके देते, डंबा म्हणते त्याले. लिव्हर वाढून पोट फुगलेलं पोट्टं आन वरून भाजलेलं. माह्या बहिणीनं अशी आणून सोडलीत दवाखान्यात, घरच्याइच्या शिव्या खाऊन.

मोगरा_अंगणातला

वऱ्हाडी, ताईंना नमस्कार सांगा. आणि तुमची १४ आणि ४२ ची गोष्ट मला कधी सुचलीच नव्हती. चार रंगांची पट्टी त्यांच्या वहीत चिकटवली तरी पुरे.

आयुर्मित्र_७७

ताई, काविळीवर आमच्याकडे खात्रीशीर झाडपाल्याचं औषध मिळतं, तीन दिवस सकाळी उपाशीपोटी, पिढ्यानपिढ्या देतोय. माळ पण देतो, डोक्यावर घालायची, कावीळ उतरते तशी माळ लांब होत खाली येते. तान्ह्या बाळांना पण चालतं. व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.

डॉ_खडीसाखर

व्यनि नको, इथेच बोलू. माळ लांब होते कारण काड्या वाळतात आणि गाठी सैल पडतात, ती खुंटीला टांगली तरी लांब होईल. मोठ्या माणसांची बरीचशी कावीळ ही हिपॅटायटीस ए किंवा ईची असते, ती आपोआप उतरते आणि नाव औषधाचं होतं. बुजलेली नळी तुम्ही कुठल्या पाल्याने उघडणार? तान्ह्या बाळाला आईच्या दुधाशिवाय काहीही पाजू नका, घुटी पण नको. ॲडमिन, हा प्रतिसाद बघा.

अण्णा_कोल्हापूर

ह्या माळवाल्याच्या नादाला आमच्या शेजारचा चांगला शिकलेला माणूस लागला होता. डॉक्टरांचं पटलं मला. उन्हाचं पण पटतंय हळूहळू.

नवी_आई_२४

रिपोर्ट आला!!! टोटल ९.२, डायरेक्ट ०.४. डॉक्टर म्हणाले अंगावरच्या दुधाची कावीळ, काही करायचं नाही, पाजत राहा. खूप खूप आभार सगळ्यांचे. आता झोपते.

काजूकतली

अरे वा! टचकन डोळ्यात पाणीच आलं एकदम.

बाबा_दाता

आमची दुसरी बाजू लिहितो. आमच्या मुलाचं कासाई ऑपरेशन (मोगराने वर लिहिलंय तेच) झालं पण पित्त वाहिलं नाही. हे होतं. कुणाची चूक नसते. पोटात पाणी व्हायला लागलं, हातपाय काड्या आणि पोट नगारा, रात्रभर खाज म्हणून रडायचा, नखांनी कान रक्तबंबाळ करायचा, आम्ही हातमोजे शिवून घेतले होते. वर्षाचा व्हायच्या आत ट्रान्सप्लांट, म्हणजे लिव्हर बदलायला सांगितलं.

बायकोचा रक्तगट जुळला नाही, माझा जुळला. मला फॅटी लिव्हर निघालं, म्हणजे मला आधी वजन उतरवायला लावलं, मुलगा आत आणि मी कॉरिडॉरमध्ये फेऱ्या मारतोय. एवढ्याशा मुलाला अख्खं लिव्हर लागतच नाही, मोठ्या माणसाच्या लिव्हरच्या डाव्या बाजूचा छोटा तुकडा पुरतो. माझं राहिलेलं लिव्हर काही महिन्यांत भरून आलं. पोटावर मोठी खूण आहे, बाकी मी ऑफिसला जातो, ट्रेक करतो. कागदपत्रं मात्र भरपूर, नातं सिद्ध करा, समितीसमोर बसा, कॅमेऱ्यासमोर सांगा की कुणाच्या दबावाखाली देत नाही. १९९४ चा अवयव प्रत्यारोपणाचा कायदा आहे त्यासाठी. २०११ च्या दुरुस्तीनंतर आजी-आजोबांना पण जवळच्या नातेवाईकांत धरतात, आमच्या वॉर्डात एका आजीने दिलं होतं.

नंतर आयुष्यभर औषध. टॅक्रोलिमस (शरीराने नवं लिव्हर नाकारू नये म्हणून), बारा-बारा तासांनी, घड्याळ लावून. मध्ये पपनस, चकोतरा चालत नाही, त्याने औषधाची रक्तातली पातळी वर जाते. गणपतीत आमच्याकडे पपनस पुजायची पद्धत आहे, आता ते पूजेपुरतंच.

खर्च आमचा वीस लाखांच्या आसपास गेला. निम्म्याहून जास्त लोकांनी उभे केले, ट्रस्ट, मुख्यमंत्री सहाय्यता निधी, गावच्या तालमीने वर्गणी काढली. हॉस्पिटलच्या सोशल वर्करला पहिल्या दिवशी गाठा, शेवटच्या दिवशी नाही.

चिंतू

बाबा_दाता, सलाम.

अवांतर: यावरून थोडं वाचलं ते टाकतो. हे ऑपरेशन सेंदाईच्या मोरिओ कासाई नावाच्या जपानी सर्जनने आणलं, १९५९ साली जपानीत छापून आलं आणि बाहेरच्या जगाने बरीच वर्षं विश्वासच ठेवला नाही. त्याआधी या आजारात बहुतेक बाळं दोन वर्षांची पण व्हायची नाहीत. आणि माणसावरचं पहिलं लिव्हर ट्रान्सप्लांट १९६३ मध्ये डेन्व्हरला थॉमस स्टार्झलने केलं ते पण याच आजाराच्या तीन वर्षांच्या मुलावर, तो टेबलावरच गेला. ब्रिस्बेनला १९८९ मध्ये एका जपानी आईने आपल्या मुलाला लिव्हरचा तुकडा दिला, तोही याच आजाराचा. भारतात मुलावरचं पहिलं यशस्वी १९९८ मध्ये दिल्लीला अपोलोत, तमिळनाडूचं दीड-पावणेदोन वर्षांचं बाळ, बिलिअरी अ‍ॅट्रेशियाच, वडिलांनी दिलं. ते बाळ पुढे स्वतः डॉक्टर झालं. म्हणजे लिव्हर ट्रान्सप्लांटचा निम्मा इतिहास या एका आजाराच्या मुलांनी लिहिलाय.

शेंगदाणा

सरकारी योजनेत बसतं का हे?

मोगरा_अंगणातला

महात्मा फुले जन आरोग्य योजना आता सगळ्या रहिवाशांना आहे, पाच लाखांपर्यंत. आपलं ऑपरेशन आणि आपलं हॉस्पिटल त्यात आहे का ते तिथे टेबल लावून बसलेल्या आरोग्यमित्राला विचारायचं, रेशनकार्ड आणि आधार बरोबर ठेवा, बाळाचा जन्मदाखला पण. दाखल्यासाठी आमची जी धावपळ झाली ती विचारू नका, बाळाचं नावच ठेवलं नव्हतं. शाळा-अंगणवाडीत येणारं राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक असतं त्यांच्याकडून पण पुढे पाठवतात. ऑपरेशनचा खर्च झाकला जातो, पण मुंबईत राहणं, जेवण, पगार बुडणं हे कुठल्याच योजनेत नाही. आमच्यासारखे कितीतरी जण फुटपाथवर झोपलेले असतात.

आणि ज्यांनी विचारलं, हो, त्या बारशाच्या बाळाचं डायरेक्ट वाढलेलं आलं. पोचलेत योग्य ठिकाणी, तपासण्या चालू आहेत. त्यांच्याबद्दल याहून जास्त इथे लिहीत नाही.

काजूकतली

ऑपरेशन झालं की सुटलो असं असतं का मग? म्हणजे तुझी मुलगी आता बरी म्हणायची ना?

मोगरा_अंगणातला

नाही गं, सुटलो असं नसतं. नळ्या बुजायचा आजार लिव्हरच्या आत पण थोडा चालूच राहतो. काही मुलं मोठी होईपर्यंत स्वतःच्या लिव्हरवर राहतात, बऱ्याच जणांना कधी ना कधी ट्रान्सप्लांट लागतं. कासाईने वेळ मिळतो, कधी दोन वर्षं, कधी वीस. आतडं थेट लिव्हरला जोडल्यामुळे जंतू वर चढतात, त्याला कोलांजायटिस म्हणतात. म्हणजे ताप आला की दुसऱ्यांच्या घरी पॅरासिटामॉल, आमच्याकडे त्याच दिवशी हॉस्पिटल. शी परत फिकट झाली तरी तेच. पहिल्या वर्षी सारखं चाललं होतं. गावी जायचं म्हटलं तरी आधी बघायचं की रात्री दोनला शिरेतून अँटिबायोटिक देणारं कुणी जवळ आहे का.

खाण्यात साधं तूप-तेल नीट पचत नाही म्हणून पित्ताशिवाय पचणारं एमसीटी तेल दिलं होतं, ते महाग पडायचं, मग आहारतज्ज्ञ बाई म्हणाल्या खोबरेल वापरा, त्यात थोडंफार तेच असतं. आमचं माहेर कोकणातलं त्यामुळे आईला फार आनंद झाला, ती आधीपासून म्हणतच होती. व्हिटॅमिनचे थेंब चारी प्रकारचे, उर्सोचं (पित्त वाहतं ठेवायचं) सायरप, आणि दर काही महिन्यांनी रक्त, सोनोग्राफी.

बाबा_दाता

लसींचं पण लिहा डॉक्टर, आम्हाला कुणी वेळेत सांगितलं नव्हतं.

डॉ_खडीसाखर

महत्त्वाचं. गोवर-रुबेला, कांजिण्या या जिवंत लसी आहेत, ट्रान्सप्लांटनंतर सहसा देत नाहीत. त्यामुळे ट्रान्सप्लांट लागू शकेल अशा बाळाच्या सगळ्या लसी आधी, शक्य तिथे नेहमीपेक्षा लवकर संपवतात. कधी कुठली ते तुमच्या लिव्हरच्या डॉक्टरांनाच विचारा. कावीळ आहे म्हणून दीड महिन्याची लस पुढे ढकलणारे भेटतात, तसं करायचं कारण नाही. फक्त रक्त गोठत नसेल तर इंजेक्शनआधी व्हिटॅमिन के देऊन घेतात.

शेंगदाणा

शाळेत खेळू देता का हो? पोटाचं ऑपरेशन झालंय म्हणून विचारतोय.

मोगरा_अंगणातला

पोटाच्या टाक्यांचं काही नाही, ते कधीच भरलेत. पण तिची प्लीहा मोठी झालीय, लिव्हरमधून रक्त नीट जात नाही म्हणून तिकडे दाब वाढतो. त्यावर मार बसला तर फुटू शकते. त्यामुळे कबड्डी आणि कुस्ती नको, सायकल हेल्मेट घालून, पळणं आणि बॅडमिंटन बिनधास्त, असं सरांनी लिहून दिलंय. ती चिठ्ठी लॅमिनेट करून पीटीच्या सरांना दिलीय कारण दर वर्षी सर बदलतात. बाईसाहेबांचं म्हणणं की कबड्डीत मी नुसती पंच होते. पंच म्हणून उभी करतात तर रेषेच्या आत जाऊन आऊट झालेल्याशी भांडते. सध्या त्यावर आमची बोलणी चालू आहेत.